एका अंशाची चूक

मित्रांनो, मी एक जुना काचेचा तापमापक आहे. वीतभर लांब, पोटात लाल रंगाचं स्पिरिट आणि अंगावर बारीक काळ्या रेघा. मी खरा की खोटा, हे मला आजवर नीट उमगलेलं नाही. माझी हकिगत ऐकून तुम्हाला उमगलं, तर बरं होईल.

अंबाल्याच्या एका काचकामाच्या कारखान्यात मी जन्मलो आणि पेंढ्याच्या खोक्यातून नागपूरला, मुलींच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत आलो. तिथे शोभनाताई प्रयोगशाळा सहायक होत्या. कुठलाही तापमापक मुलींच्या हाती देण्याआधी त्या तो बर्फाच्या चुऱ्यात खुपसून बघत. माझी लाल रेघ बरोबर शून्यावर थांबायची. "हा सरळ आहे," असं त्या म्हणायच्या, आणि मला फार बरं वाटायचं. त्या निवृत्त झाल्या तेव्हा कॉलेजने शाल दिली. मला मात्र त्यांनी स्वतः मागून घेतलं.

पुढे त्या अमेरिकेत लेकीकडे राहायला आल्या. त्यांची लेक हिमानी रेडमंडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होती आणि तिथल्या मोठ्या तळ्यापलीकडच्या एका छोट्या गावात तिचं घर होतं. लोकरी मोज्यात गुंडाळून, सामानाच्या बॅगेतून मीही विमानाने आलो. वाटेत कुणीतरी बॅग जोरात आपटली. मला वाटलं, फुटलो. पण काच शाबूत होती, आणि मी ती गोष्ट विसरून गेलो.

हिमानीची मुलगी नैना अकरा वर्षांची. घराजवळच्या ओढ्यात सॅमन माशांची पिल्लं राहतात, हे शाळेत शिकून आली आणि आजीला सांगू लागली, "आजी, दे आर कोहो." कोहो ही सॅमनची एक जात, पण आजीला आधी कोहळा ऐकू आलं. मग नैनाने लाकडी पुलावरून पाण्यात बोट दाखवलं. बोटाएवढी चंदेरी पिल्लं प्रवाहाच्या उलट तोंड करून एका जागी तरंगत होती. वर्षभर ती या ओढ्यातच वाढतात, मग तळ्यात जातात, तिथून समुद्रात. पाणी सोळा अंशांच्या वर तापत राहिलं, की त्यांना सोसत नाही.

"आणि हे पाणी किती आहे?" आजीने विचारलं.

नैनाला माहीत नव्हतं. शोभनाताईंनी घरी येऊन मला मोज्यातून बाहेर काढलं. माझ्या गळ्याशी रबरी बूच बसवलं, त्याला दोरी बांधली. तेव्हापासून दोन उन्हाळे, रोज दुपारी तीन वाजता, त्या दोघी मला पुलावरून पाण्यात सोडू लागल्या. अठरा. साडेसतरा. एकोणीस. नैना वहीत लिहायची. पिल्लांच्या शेजारी लटकताना मला वाटायचं, आपण यांच्या कामी येतोय.

वही भरली तशी तिची कीर्ती झाली. गावाच्या नगरसभेपुढे तेव्हा एक ठराव यायचा होता. उन्हाळे दरवर्षी कडक होत चालले होते, म्हणून ओढ्याच्या दोन्ही काठांची झाडं तोडायला बंदी, नवी सावलीची झाडं लावणं, आणि सोबत गावातल्या बस नि इमारतींचा धूर कमी करण्याचा मोठा आराखडा, असं त्यात होतं. मे महिन्यातल्या सभेत हिमानीने आमची वही वाचून दाखवली. शोभनाताईंनी मला उंच धरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र कळेना, की पाणी गरम आहे एवढी साधी गोष्ट, तिच्यावर हात वर करून मत कशाला द्यायचं?

मग गुरुनाथ काका उठले. ते पुण्याचे. त्यांचं घर ओढ्याला लागूनच होतं, आणि मागची झाडं काढून त्यांना लाकडी ओटा बांधायचा होता. त्यांनी सभेत इंग्रजीत एकच प्रश्न विचारला: हे यंत्र शेवटचं कधी तपासलं होतं?

शोभनाताईंनी उंच धरलेला हात खाली घेतला.

बाहेर पार्किंगमध्ये ते त्यांच्याजवळ आले. "ताई, राग मानू नका. पण माझ्या जागेवर बंदी येणार आहे. मी विचारणारच ना?"

"राग नाही हो," शोभनाताई म्हणाल्या. "प्रश्न बरोबर आहे. तो मीच विचारायला हवा होता."

घरी आल्या त्या थेट फ्रीजकडे गेल्या. बर्फाचा चुरा केला, भांड्यात भरला, थोडं पाणी ओतलं आणि मला त्यात उभं केलं. मी जीव एकवटून खाली उतरलो. शून्याजवळ आलो आणि एक अंश वर थांबलो. कितीही वेळ गेला तरी तिथेच. शोभनाताईंनी चष्मा पुसून बघितलं, मग रबरी बूच काढलं. त्याच्या आड, माझ्या लाल रेघेत, केसाएवढी फट पडली होती. विमानाच्या प्रवासातला तो दणका. दोन उन्हाळे मी रोज एक अंश जास्त सांगत होतो, आणि मला स्वतःलाच त्याचा पत्ता नव्हता.

मित्रांनो, त्या वेळी मला काय वाटलं ते सांगता येत नाही. लाज वाटली म्हणावं, तर मी जाणूनबुजून काही केलं नव्हतं. आणि निर्दोष म्हणावं, तर वही माझ्याच आकड्यांनी भरली होती.

नैना रडवेली झाली. "आजी, प्लीज डोन्ट टेल देम. इट्स ओन्ली वन डिग्री."

शोभनाताईंनी मला बर्फातून काढून पुसलं. मग म्हणाल्या, "अगं, एकेका अंशासाठीच तर भांडतोय आपण. तोच लपवायचा म्हणतेस?"

"पण मग मासे मरतील."

"मरू नयेत म्हणूनच सांगायचं. उद्या दुसऱ्या कुणी हुडकून काढलं, तर आपल्या कुठल्याच शब्दाला किंमत उरणार नाही." त्यांनी वही ओढली आणि तांबड्या पेनाने प्रत्येक नोंदीतून एक वजा करायला बसल्या. "तीस वर्षं पोरींना सांगत आले, आधी बर्फात तपासा," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. "मीच काहून विसरले?"

दोन आठवड्यांनी त्यांनी भर सभेत चूक सांगितली. एक अंश वजा केला तरी बहुतेक दिवस पाणी सोळाच्या वरच होतं, हेही सांगितलं. पण दुसरं वाक्य ऐकायला कुणी थांबलं नाही. एक सभासद म्हणाला, पुरावाच कच्चा आहे, निर्णय उन्हाळ्यानंतर घेऊ. तोवर गाव स्वतःची इलेक्ट्रॉनिक उपकरणं लावेल. आमच्या बाजूची माणसं मान खाली घालून बसली. गाडीत हिमानी म्हणाली, "आई, तू त्यांच्या हातात आयतं कोलीत दिलंस."

मी शोभनाताईंच्या पर्समध्ये होतो. खोटं बोलत होतो तेव्हा माझ्यासाठी टाळ्या पडल्या, आणि खरं कळलं तेव्हा सगळे गप्प झाले. हे कसं, ते मला कुणीतरी समजावायला हवं होतं.

त्या ऑगस्टमध्ये उष्णतेची लाट आली. ओढा आटून त्याची डबकी झाली. एका दुपारी गुरुनाथ काकांचा फोन आला, "ताई, जरा येता का? तुमचा तो थर्मामीटर घेऊन या."

त्यांच्या घरामागे, तोडायच्या खुणा केलेल्या झाडांपासून थोडं दूर, उघड्या उन्हात एक डबकं होतं. त्यात पिल्लं पांढरी पोटं वर करून तरंगत होती. शोभनाताई नि नैनाने मला पाण्यात सोडलं. चोवीस दाखवले, म्हणजे तेवीस. शेजारी गावाचं उपकरण होतं. तेही तेवीसच सांगत होतं.

झाडांच्या सावलीतल्या डबक्यात मात्र पिल्लं अजून हलत होती. मी तिथेही उतरलो. अठरा, म्हणजे सतरा.

काका गुडघ्यावर बसले होते. "एवढा फरक?" ते हळूच म्हणाले. नैनाने मेलेली पिल्लं मोजायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली. काका म्हणाले, "चल, ही हलणारी तरी वाचतात का बघू." मग तिघांनी मिळून त्या डबक्यावर जुनी चादर ताणून बांधली.

सप्टेंबरच्या सभेत ते पुन्हा उठले. मला वाटलं, आता ते आमच्या बाजूने बोलणार. ते म्हणाले, "माझा बंदीला विरोध आहे, आणि तो राहील. माझ्या जागेचं काय करायचं ते गावाने ठरवू नये. पण आकडा खरा आहे. त्याबद्दल कुणी शंका घेऊ नये." एवढं बोलून ते बसले. असा माणूस आपला की परका, हे मला तेव्हाही कळलं नाही, आजही नाही.

मतं पडली, चारास तीन. काठावरची झाडं राखण्याचा आणि नवी लावण्याचा भाग मंजूर झाला. बस आणि इमारतींचा आराखडा मात्र पुढे ढकलला. आमच्या लोकांपैकी काहींनी मिठ्या मारल्या, काही तसेच उठून निघून गेले.

"आजी, डिड वी विन?" नैनाने विचारलं.

"माहीत नाही बेटा," शोभनाताई म्हणाल्या. "पुढच्या सभेला यायचंय, एवढं माहीत आहे."

आता ओढ्याच्या काठी गुडघ्याएवढी रोपं उभी आहेत. त्यांची सावली पाण्यापर्यंत पोचायला बारा-पंधरा वर्षं लागतील म्हणतात. तेवढे उन्हाळे पिल्लं कशी काढतील, हे मला ठाऊक नाही. गाव आपल्या उपकरणांवर मोजतं, आणि मी खिडकीत पडून असतो. कधीमधी नैना मला हातात घेते, तिच्या तळव्याच्या उबेने मी वर चढतो, आणि ती त्यातून एक वजा करते.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. आमच्यासारख्या मोजणाऱ्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. आम्हाला बर्फात उभं करा, आमची चूक शोधा, चारचौघांत सांगा. पण एकदा तपासून झालं, आणि तरीही पाणी गरमच निघालं, तर मग आमच्याकडे पाठ फिरवू नका. डबक्यातल्या पिल्लाला पुढच्या सभेची तारीख कळत नाही.