हळदीवालीची पेटी

“माह्या लग्नाच्या फोटोची काच गेली, नव्या स्लीपर गेल्या, आता अलमारीतला कप्पाही गेला. अन् कोनापायी, तं माश्यांपायी!”

मित्रांनो, मंदाबाईंची ही कुरकुर मी रोज सकाळी अगदी कानाशी ऐकते. कारण ज्या कपड्याने त्या अलमारी पुसतात, त्याचा शेवटचा हात माझ्यावरूनच फिरतो. मी एक जुनी सागवानी पेटी आहे. कुरकुर खरी आहे, ते मी आधीच कबूल करते. माझं झाकण त्यांच्या लग्नाच्या फोटोच्या काचेचं आहे आणि माझा तळ त्यांच्या रबरी चपलांचा. टाचणी त्यात नीट रुतते आणि हलत नाही.

माझा जन्म जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये झाला. मंदाबाईंचे यजमान मधुकरराव तिथे फॅक्टरीत नोकरीला होते. मोडक्या पलंगाची फळी तासून त्यांनी मला सुट्टीच्या दिवशी घडवलं. कॉलेजात त्यांना कुणी माश्या शिकवल्या नव्हत्या. एका पावसाळ्यात खिडकीच्या फटीत एका माशीने मातीचं घर बांधलं, ते मोडू नये म्हणून त्यांनी तीन महिने खिडकी लावली नाही. बस, तिथून सुरुवात झाली. पुस्तकं मागवली, भिंग घेतलं, पंखांवरच्या शिरांची घरं मोजायला ते आपले आपणच शिकले.

तुम्ही म्हणाल, गांधीलमाशी म्हणजे पोळं, झुंड आणि पळापळ. पण माझ्यातल्या माश्या एकांड्या. एकटी आई जमिनीत बीळ खणते. कोळ्याला डंख मारून लुळा करते, आत ओढून नेते, त्याच्यावर एक अंडं घालते आणि तोंड मातीने बुजवून निघून जाते. लेकराचं तोंड तिला कधी दिसत नाही. पुढच्या मोसमात लेकरू आपलं आपण माती कोरून वर येतं. वरची माती मऊ राहिली पाहिजे, एवढीच काय ती त्याची मागणी.

निवृत्तीनंतर मधुकरराव लाखांदूरकडच्या आपल्या गावी आले आणि माझे खरे दिवस सुरू झाले. गावच्या तलावात मधोमध एक बेट होतं. दोन-चार सिंदीची झाडं, बाकी सगळी मोकळी माती. तुलाराम नावाचा मासेमार त्यांना डोंग्यातून तिथे न्यायचा. त्या एवढ्याशा बेटावर त्यांनी सतरा जातीच्या एकांड्या माश्या वेगळ्या ओळखल्या. प्रत्येकीखाली चिठ्ठी असे. तिच्यावर जागा, तारीख आणि जमवणाऱ्याचं नाव. नाव मात्र ते स्वतःचं लिहीत नसत, तुलारामचं लिहीत.

“काकाजी, माहं नाव कायले? मी तं डोंगा चालवतो.”

“डोंगा नसता तं मी का पोहत गेलो असतो का?”

सोळा जातींची नावं पुस्तकांत सापडली. सतरावीचं सापडेना. निळसर काळी माशी, कंबरेवर हळदीचं बोट लावल्यासारखा पट्टा. मधुकरराव तिला हळदीवाली म्हणू लागले. दूरच्या शहरातल्या एका अभ्यासक बाईंना त्यांनी तिची चित्रं पाठवली. उत्तर आलं, तेव्हा ते पत्र त्यांनी तीनदा वाचलं. माशी नवीन असू शकते, पण एका मादीवरून ठरवता येणार नाही. नर हवा, त्याच जागेचा. मिशीचे बारा सांधे मादीचे, तेरा नराचे. मधुकररावांचं सगळं म्हातारपण त्या तेराव्या सांध्यावर येऊन थांबलं.

मित्रांनो, माझी तेव्हा गावात फार शोभा होती. सव्वीस जानेवारीला मला शाळेच्या टेबलावर ठेवलं आणि मधुकररावांनी भाषण केलं. “आपल्या बेटाची माती पाहा. चाळणीतून काढल्यासारखी! एक खडा नाही. माश्या उगाच हीच माती निवडत नाहीत.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. माश्या घरी जाईपर्यंत विसरले. माती तेवढी लक्षात ठेवली.

त्या उन्हाळ्यात मधुकररावांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ते महिनाभर नागपूरला लेकीकडे, भावनाकडे राहिले. मंदाबाई आठ दिवसांत परतल्या. नवऱ्याला बाहेर बसायला जागा हवी म्हणून त्यांनी घरासमोर ओटा बांधून घेतला. परत आल्यावर मधुकरराव त्यावर बसले आणि खूश झाले.

“पक्का झाला. भरण कुठलं टाकलं?”

“तलावाचं,” मंदाबाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

गुडघे बसण्याउठण्यापुरते बरे झाले. तलावाच्या पाळीची, त्या उंच बांधाची, चढण मात्र जमेना. म्हणून पावसाळा सरल्यावर त्यांनी मला तुलारामच्या हाती दिलं. “नर सापडला का तिथंच टाच.” मी डोंग्यात बसले. मधोमध पोचल्यावर तुलारामने वल्हं थांबवलं. बेट नव्हतं. नुसतं पाणी होतं आणि त्यात सिंदीचं एक खोड आडवं पडलेलं. उन्हाळ्यात तलाव आटला होता, तेव्हा ट्रॅक्टर आत उतरले होते आणि गावाने माती वाहून नेली होती. तुलाराम माझ्या काचेकडे पाहत म्हणाला, “आता काकाजीले मी काय सांगू वं?”

मला बोलता येत नाही. त्याला येत होतं, पण त्यानेही सांगितलं नाही. “आज वारा होता, काकाजी.” मग “आज ढग होते.” मग “यंदा माश्या उशिरा निघतीन.” अशी दोन वर्षं गेली. भावना फोनवर विषय बदलायची. शेजारी बेटाचं नाव निघालं की बैलांना पाणी दाखवायला उठायचे.

आणि मधुकरराव ओट्यावर बसून वाट पाहायचे. या वाट पाहण्यात माझ्यातल्या डांबरगोळ्या बदलायच्या राहिल्या. बारीक किडे आत शिरले. आज माझ्यात सोळा रिकाम्या टाचण्या, सोळा चिठ्ठ्या आणि चिमूटभर भुकटी आहे. हळदीवालीचा एक पंख आणि हळदीचा पट्टा तेवढा उरला आहे. मिशा गळाल्या. बारा सांधे होते, हे आता कुणाला दाखवता येणार नाही.

मित्रांनो, आम्हा पेट्यांमध्ये गोळ्या वेळेवर घाला, हे तर मी सांगेनच. पण जिवंत माशीची जागा गेली, तर पेटी जपून तरी काय होणार? आणि दुःखाची बातमी फार दिवस झाकून ठेवू नका. झाकलेल्या वस्तूला आतून कीड लागते, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

काल त्या अभ्यासक बाईंचं पुन्हा पत्र आलं. नर मिळाला का? मधुकररावांनी मला मांडीवर घेतलं, माझ्यातली भुकटी बराच वेळ पाहिली आणि तुलारामला बोलावलं.

“उद्या मी येतो डोंग्यात. दोघं-तिघं मिळून उचलून न्या मले. मी सोता पाहतो.”

तुलाराम उठून उभा राहिला. “उद्या... उद्या वारा राहीन, काकाजी.”

“राहू दे वारा.”

दारात मंदाबाई उभ्या होत्या. हातात तेच फडकं. माझ्यावरून फिरवायचं म्हणून त्या आल्या असाव्यात, पण फडकं हातातच राहिलं.

“कुठी जाता?” त्या म्हणाल्या. “दोन वर्सं झाली, तुमी बेटावरच बसून आहा. भाषणात तुमीच सांगतली माती, अन् मीच आनली, दोन ट्रॉल्या. तुमचे नर, माद्या, लेकरं सारे या ओट्याखाली हायेत. धुम्मसानं ठोकून घेतलं अन् वरून सिमेंट लावलं. मीच लावलं.”