अर्ध्या मिशीची हातगाडी

मित्रांनो, सलूनवाल्या भाऊजींची अर्धी मिशी ज्या पैजेत पणाला लागली, ती पैज माझ्याच अंगावर थाप मारून लागली. मी एक जुनी हातगाडी. एक चाक जरा बुटकं, म्हणून डावीकडे ओढ घेते.

"जुन्या छत्रीचं कापड अनोळखी माणूस पैसे देऊन घेणार? काहीतरीच काय, वहिनी!" भाऊजी मिशीला पीळ देत म्हणाले. "घेतलं ना, तर विद्यापीठाच्या याच फाटकात अर्धी मिशी उतरवीन!"

"आणि नाही घेतलं, तर तुमच्या सलूनचे टॉवेल महिनाभर मी धुईन," शिवणवाल्या वहिनी म्हणाल्या.

वहिनी छत्र्यांच्या कापडाच्या पिशव्या शिवायच्या. घरी त्यांचं मशीन सासूबाईंच्या खाटेला खेटलेलं. मशीन चाललं की सासूबाई जाग्या, सासूबाई झोपल्या की मशीन बंद. अनोळखी माणसांना माल खपवून दाखवला, तर विद्यापीठाच्या व्यवसाय विभागाकडून कामाला वर्षभर फुकट खोली मिळणार होती. नाही मिळाली, तर धंदा गुंडाळायचा.

आता माझं ऐका. सुतारानं घडवलं तेव्हा मी झोकदार होते. भाजीवाल्याबरोबर गल्लोगल्ली हिंडले, कौतुक करून घेतलं. मग त्यानं टेम्पो घेतला आणि मी भिंतीला टेकून गंजत पडले. तिथून मला उचललं व्यवसाय विभागाच्या प्राध्यापकबाईंनी. नवा धंदा पहिल्याच पावलाला का अडखळतो, यावर त्यांचं संशोधन. वर्गात कितीही झकास बोला, आधी माझ्यामागं उभं राहून विकायचं! बाई शेजारी स्टुलावर बसून बघतात: कोण थांबतं, कोण नाक मुरडतं, कोण परत फिरून येतं.

त्या दिवशी वहिनींची अख्खी इमारत लोटली. पिशव्या चुटकीसरशी गायब! वहिनी हरखल्या. बाईंनी शांतपणे विचारलं, "यातलं अनोळखी कोण?"

सगळे एकमेकांच्या मागे लपू लागले. तेवढ्यात तोंडावरून स्कार्फ गुंडाळलेली एक बाई घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मी! मी हिला ओळखतच नाही."

"सासूबाई, चपला माझ्या घातल्यात तुम्ही," वहिनी म्हणाल्या.

प्राध्यापकबाई पोट धरून हसल्या. "आपली माणसं मायेनं घेतात, आणि आपल्याला वाटतं धंदा चालला. ही विक्री धरायची नाही. पिशव्या परत द्या, उद्या पुन्हा या."

दुसऱ्या दिवशी इमारतीला बंदी. साक्षीला फक्त भाऊजी. लोक थांबत, बघत, पुढे जात. पिशवीला कुणी हात लावेना. वहिनींचा चेहरा एवढुसा झाला. भाऊजींनी तर टॉवेलांचं गाठोडंच आणून ठेवलं.

"पिशव्यांकडं नका बघू," बाई हळूच म्हणाल्या. "लोक कुठं बघताहेत ते बघा."

मित्रांनो, लोक माझ्याकडे बघत होते! माझा गंजका दांडा हाताला टोचायचा, म्हणून वहिनींनी सकाळीच त्याला छत्रीच्या कापडाचं कव्हर घातलं होतं, वर मोबाइलपुरता खिसा.

एक फळवाला थांबला. "ताई, हे दांड्याचं कव्हर केवढ्याला?"

"ते... ते विकायचं नाहीये."

"वहिनी!" बाई ओरडल्याच.

वहिनींनी कात्री काढली आणि पिशवी फाडून तिथंच कव्हर शिवायला घेतलं. मग सायकलवाला आला, बाबागाडी ढकलणारी आई आली. संध्याकाळपर्यंत पिशवी एकही उरली नाही. बाईंनी खोलीची किल्ली वहिनींच्या हातावर ठेवली. वहिनींनी माझ्या फळीवरून हात फिरवला.

आणि आत्ता? आत्ता भाऊजी माझ्यावर बसलेत. फाटकात ही गर्दी! वस्तरा त्यांच्या बायकोच्या हातात.

"अगं, कुठली बाजू?"

"ज्या कुशीवर घोरता ती. हलू नका हं."

मित्रांनो, जुन्या गाड्यांना अडगळीत टाकू नका. चाकांना अधूनमधून तेल घाला, प्रेमानं ढकला. पण आत्ता कृपा करून कुणी धक्का देऊ नका. मी डावीकडे ओढ घेते, आणि वस्तरा ओठावर टेकलाय.