संकट घेणारा मासा

नागपूरच्या बसमधून उतरवून आणलेलं थर्मोकोलचं खोकं करुणानं दुकानाच्या मधोमध ठेवलं आणि चिकटपट्टी ओढून काढली. आत हवा भरून फुगवलेल्या पिशव्या, पिशव्यांत मासे. या खेपेला तिनं सौंसरात सहसा न दिसणारा माल मागवला होता. निळ्या दिव्याखाली चमकणारे टेट्रा, शेपटीचा घेर मिरवणारे बेटा आणि कपाळावर बटाट्याएवढं टेंगूळ घेऊन आलेला लालभडक फ्लॉवरहॉर्न. पिशव्या न सोडता तिनं तशाच टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवल्या. घाईनं नव्या पाण्यात सोडलेला मासा दगावतो.

"यातला एक बी खायाच्या कामाचा नाई," काउंटरमागून सासू म्हणाली. लीलाबाई दर खेपेला हेच म्हणायची आणि मग सगळ्यात जास्त वेळ तीच माशांकडे बघत बसायची.

तेवढ्यात छायाताई आल्या. हार्डवेअरवाल्या श्रीकांतभाऊंच्या या मंडळी; करुणाचं दुकान होतं तो गाळाही भाऊंचाच. चेहरा रात्रभराच्या जागरणानं उतरलेला, पण ओठांवर हसू.

"करुणा, आमचा फ्लॉवरहॉर्न मेला वं सकाळी."

"अरे बापा. पानी बदललं होतं का?"

"पान्याचं नोको सांगू. बरंच झालं. रातभर ह्याइची छाती दुखून राहिली होती. घामानं बनेन ओली, डाव्या हातात कळा. सकाळीच नागपूरले नेतो म्हनलं, तं पाहतो काय, मासा पालथा. घेऊन गेला बाप्पा संकट. आता हे चाय पिऊन मस्त पडले हायेत. मले दुसरा दे. याच्याहून मोठा पाहून दे."

करुणाचे हात टाकीच्या पाण्यातच थांबले.

हे दुकान तिच्या नवऱ्यानं, अंकुशनं काढलं होतं. गप्पी आणि मॉली विकून काही पोट भरत नाही हे त्याच्या लवकरच ध्यानात आलं, आणि कुठल्याशा मोठ्या शहरातल्या दुकानदारानं त्याला एक युक्ती दिली. मासा घरावरचं संकट आपल्या अंगावर घेतो, असं गिऱ्हाइकाला सांगायचं. घरातली चार माणसं जयंतीला बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावणारी, असलं काही न मानणारी. अंकुशही मानत नव्हता. पण धंदा म्हणून सांगायचा, आणि माणूस रोज जे बोलतो ते हळूहळू त्याच्या हाडात मुरतं. एक दिवस त्याच्याच छातीत दुखायला लागलं आणि त्याच सकाळी दुकानातला सगळ्यात मोठा फ्लॉवरहॉर्न मेला. करुणा दवाखान्यात न्यायची कपड्यांची पिशवी भरून दारात उभी होती. "गेलं वं संकट," तो हसून म्हणाला, "उद्या जाऊ नागपूरले." लीलाबाईनंही हात जोडले. करुणानं पिशवी रिकामी केली. खोटं कशाला बोला, तिलाही हायसं वाटलं होतं. त्याच संध्याकाळी अंकुश गेला. मग गावानं आणखी एक वाक्य जोडलं: इतके मासे घरात, एकानं तरी संकट घ्यायचं होतं! ते वाक्य तिच्या कानावर आलं तेव्हा तिला त्या बोलणाऱ्याचं तोंड रंगवावंसं वाटलं होतं. रडू नंतर आलं.

"मासा नाई देत मी," करुणा म्हणाली. "ताई, भाऊले आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या."

"बरे हायेत म्हनलं न तुले."

"बरे नाई हायेत."

"तू डॉक्टर आहेस का?"

"नाई. अंकुशची बायको आहो."

छायाताईंचं हसू मावळलं. "तुह्या अंकुशनंच सांगतलं होतं आमाले. त्यानं दिला म्हनून तं मासा घेतला. आता तू सकाळी सकाळी अभद्र बोलून राहिली. मासे विकतेस तं मासे विक. गाळा कोनाचा हाय ते बी ध्यानात असू दे." आणि त्या तरातरा निघून गेल्या.

करुणानं हात पुसले आणि दिराला फोन लावला. अतुलची गाडी भाड्यानं चालायची. तो बसस्टँडवरच होता.

"कायले जाऊन राहिली त्याइच्या घरी?" लीलाबाई म्हणाली. "जागा त्याइची हाय. उद्या बाहेर काढन तं हे काचेचे डबे कुठी मांडशील?"

"मांडीन कुठंबी. त्या दिवशी मी पिशवी रिकामी केली, आई. आज नाई करत."

म्हातारी उठली आणि काउंटरखाली गेलेली करुणाची चप्पल तिनं पायानं पुढं सरकवली.

श्रीकांतभाऊ सोफ्यावर लोडाला टेकून पडले होते. समोरच्या मोठ्या टाकीत नुसतंच पाणी बुडबुडत होतं. करुणा उंबऱ्याच्या आत येऊन उभी राहिली. एरवी ती या घरी पायरीवरूनच बोलायची.

"भाऊ, गाडी खाली उभी हाय. दवाखान्यात चला."

"कोनं बलावली गाडी?"

"मी."

"मी सांगतलं होतं का?" भाऊंचा आवाज चढला. "गाळा सोडाचा हाय का तुले?"

"सोडते. उद्या सोडते. आज गाडीत बसा."

"आधी घराच्या बाहेर हो!" असं म्हणत भाऊ तिला दार दाखवायला उठले. उठले आणि दुसऱ्याच पावलाला सोफ्याची पाठ धरून खाली बसले. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. छायाताईंनी एकदा नवऱ्याकडं पाहिलं, एकदा करुणाकडं. मग त्यांनीच खिडकीतून खाली हाक मारली. अतुल धावत वर आला, तिघांनी मिळून भाऊंना उतरवलं.

सौंसरच्या डॉक्टरानं छातीचा ईसीजी काढून बघितला, गोळ्या दिल्या आणि त्याच पावली नागपूरला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, आणखी उशीर झाला असता तर हातात काही नव्हतं. भाऊ वाचले.

वाचून घरी आले आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागले, "माशानं वाचवलं. तो गेला म्हनून मी हावो." गाडीची गोष्ट त्यांच्या सांगण्यातून कधी गळली ते त्यांनाही कळलं नसेल. पार शेजारच्या रामाकोन्यापर्यंत बोलबाला झाला. लोक करुणाच्या दुकानात येऊन श्रीकांतभाऊंवाला मासा मागू लागले. ती नाही म्हणायची. लोक चिडायचे, ती आणखी ठामपणे नाही म्हणायची. धंदा दारात येऊन परत जात होता, आणि तिला त्याचं काडीचं दुःख नव्हतं.

एक दिवस भाऊ स्वतःच आले. अंगानं उतरलेले, सोबत छायाताई. मागं आणखी दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती.

"करुणाबाई, गाळा सोडाची गोष्ट विसरून जा. तो टेंगळ्या बांधून दे मले."

"न्या न, भाऊ. पन मासा आवडते म्हनून नेतो, असं म्हना. या लोकाइच्या समोर म्हना."

भाऊ हसले. "त्यानं वाचवलं म्हनलं तं काय बिघडते? तुहा बी धंदा होते."

"अंकुश बी असंच म्हनत होते, भाऊ."

हे ती कुणासमोर पहिल्यांदाच बोलली होती. "मोठा मासा मेला त्या दिवशी. आमी खूश झालो आन् घरीच राहिलो. सांजच्याले हे गेले."

छायाताईंनी भाऊंचा दंड धरला आणि दोघं हळूहळू पायऱ्या उतरून गेले. मासा टाकीतच राहिला.

करुणा मागच्या दोघांकडं वळली. "तुमाले कायले पाहिजे मासा?"

एकजण सटकला. दुसरा, धोतर-टोपीतला एक म्हातारा, चुळबुळत उभा राहिला.

"मी निस्ता पाह्याले आलो होतो, बाई."

"मंग बसून पाहा," करुणा म्हणाली आणि तिनं स्टूल पुढं केलं.