नैनसुखबाबाचा थेंब

१९९७ च्या कापूसवेचणीत समुद्रपूरकडच्या एका गावात मी जीप घेऊन पोचलो, तेव्हा मारुतीच्या पारावर जत्रा भरली होती. मी सरकारी दवाखान्यातला नेत्र सहायक. शिबिरात मोतीबिंदू सापडलेली सात माणसं ऑपरेशनसाठी वर्ध्याला न्यायची होती. एकही जीपकडे फिरकेना. सहा जण पारासमोर रांगेत बसले होते.

पारावर नैनसुखबाबा बाटली उंचावून सांगत होता, "चाकू नाई, टाका नाई, चश्मा नाई. हिमालय की बूटी है. एक बूंद, और परदा साफ." हिमालयाची बुटी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत होती. लेबल खरवडायचे कष्टही बाबाने घेतले नव्हते.

तरी थेंब काम करत होता, हे मला मान्य करावं लागेल. रविवारी पहिला थेंब माझ्या यादीतल्या सातव्या, जयवंताबाईच्या दोन्ही डोळ्यांत पडला. भिंत चाचपत चालणारी ती म्हातारी, तासाभरात तिने नातीचं तोंड ओळखलं आणि ढसाढसा रडली. साऱ्या गावानं पाहिलं. मग माझ्या शिबिराला कोण विचारतो?

तिचा मुलगा रूपराव मला म्हणाला, "साहेब, ऑपरेशन केलं का सव्वा महिना मायले चुलीपाशी जाता येत नाई. बायको कापूस वेचाले जाते, चाचपत का होईना मायच रांधते, मंग रांधन कोण? इथं एका थेंबात काम झालं."

"आता कुठे आहे ती?"

"घरात निजली हाये. सोमवारपासून डोकं दुखून राह्यलं, ओकून राह्यली. बाबा म्हणते, मोतिया जळून राह्यला. पाच दिवस पट्टी सोडाची नाई."

त्या दिवशी गुरुवार होता. मी तडक त्याच्या घरी गेलो. पट्टी सोड म्हटलं, तर रूपराव दार अडवून उभा राहिला. मी पाराकडे धावलो. रांगेतल्या, सकाळी थेंब घेतलेल्या चंद्रभानच्या डोळ्यावर बॅटरी मारली. बाहुली सदऱ्याच्या बटणाएवढी, उजेडातही आकसेना.

"बाबा, एक थेंब तुमच्या डोळ्यात टाका," मी म्हणालो.

"हम साधू लोग. हमको दुनिया क्या देखना," बाबा म्हणाला. लोकांनी माना डोलावल्या. त्यांना ते फार उच्च वाटलं.

मग मी बाटली हिसकावून माझ्याच उजव्या डोळ्यात थेंब टाकला. अर्ध्या तासाने सगळ्यांसमोर पेपर धरला. डाव्या डोळ्याने खडाखडा वाचला, उजव्याने एक ओळ लागेना. "मंग मायले दिसलं कसं?" मागून आलेल्या रूपरावने विचारलं. "हा धोतऱ्याचा रस आहे," मी सांगितलं. "यानं बाहुली फाकते, जवळचं धूसर होतं. मोतीबिंदू मधोमध असेल तर कडेनं थोडं दिसतं. रस उतरला की पुन्हा अंधार. आणि एखाद्याच्या डोळ्यात बाहुली फाकली की आतलं पाणी तुंबतं, दाब वाढतो आणि पाहायची शीर मरते."

तोवर बाबा लघवीला म्हणून उठला होता. तो थेट एसटीत बसला.

रूपरावने आता घरी जाऊन स्वतः आईची पट्टी सोडली. डोळे लालभडक, पापणीवरून दाबले तर सुपारीसारखे टणक. आम्ही तिला आणि त्या सहा जणांना जीपमध्ये घालून वर्ध्याला नेलं. रस उतरल्यावर सहाही जणांचे मोतीबिंदू काढले, त्यांना आज दिसतं. जयवंताबाईच्या दोन्ही शिरा मेल्या होत्या. मोतीबिंदू काढता येतो, मेलेली शीर कोणी जिवंत करू शकत नाही. सोमवारी दुखायला लागलं तेव्हाच आणली असती तर निदान एक डोळा वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले. रूपरावच्या तोंडावर म्हणाले, आणि मी त्यांना थांबवलं नाही.

परत येताना म्हातारीने विचारलं, "साहेब, माह्या ऑपरेशनची तारीख कवाची हाये?"

रूपराव खाली मान घालून बसला होता.

"बाई, तुमचं ऑपरेशन आता होणार नाही."

"काऊन जी? थेंबानं तर दिसलं होतं मले."

दिसलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं, आणि त्या दिसण्यानंच तिचे डोळे घेतले. वाचकांनो, चमत्कार तुमच्या डोळ्यांदेखत घडला तरी तो कसा घडला हे विचारा. उत्तर मिळेपर्यंत आपल्या आईचे डोळे कोणाच्या हाती देऊ नका. रूपरावने हे विचारलं, पण गुरुवारी.