ताटलीतला मऊ तुकडा

मित्रांनो, मी जेलीसारख्या लिबलिबीत कृत्रिम जेलचा एक म्हातारा तुकडा आहे. वय जेमतेम काही आठवडे, पण आमच्यात म्हातारपण लवकर येतं. अंगात बहुतेक पाणीच. उरलेल्या भागाला शास्त्र म्हणतात.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी मला काचेच्या ताटलीत ओतलं आणि दिव्याखाली घट्ट केलं. एका कडेला मऊ, दुसऱ्या कडेला टणक. मग आपल्या थोरल्या बहिणीच्या, ताईंच्या, कर्करोगाच्या गाठीतल्या पेशी माझ्यात सोडल्या. ताईंनीच त्या हौसेने दिल्या होत्या. मऊ भागात पेशी गोल होऊन निमूट बसत. टणक भागात त्यांना जणू पाय फुटत. लांबट होऊन त्या वाट काढत निघत. गाठ अंगभर पसरते ती अशाच चालीने. ही चाल थांबवणारं औषध बाईंना शोधायचं होतं, ताई आहेत तोवर.

पेशींना एक दिवसाआड ताजं अन्न लागे. बाई दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. त्यामुळे ताईंकडे जाणं राहून जाई. फोन मात्र माझ्या शेजारीच चाले.

"या रविवारी येतेस ना गं?"

"ताई, पुढच्या नक्की. यांना उपाशी ठेवलं तर सगळं पहिल्यापासून."

"मी जेवले का, तेही विचार कधीतरी! माझ्यापेक्षा माझ्या गाठीचेच लाड चाललेत."

दोघी हसल्या. मीही थरथरलो, आम्हाला तेवढंच येतं.

अखेर औषध लागू पडलं. टणक भागातल्या पेशीही जागच्या जागी थांबल्या. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी टाळ्या वाजवल्या, माझा फोटो भिंतीवर लागला. बाईंनी लगेच ताईंना फोन लावला. भाच्याने उचलला.

"मावशी, आई मघाशीच गेली."

त्यानंतरही बाई पेशींना भरवत राहिल्या. ज्यांनी जीव घेतला त्यांनाच वेळेवर खाऊ घालायचं, असं घर मी दुसरं पाहिलं नाही. अर्थात मी घरंच पाहिलेली नाहीत.

"अहो, प्रयोग संपला," सर चाचरत म्हणाले. "टाकायला हवं ते."

"तिचं एवढंच जिवंत उरलंय हो, सर."

"तिचं नाही. आजाराचं."

आज बाईंनी जंतुनाशकाची बाटली आणली आहे. झाकण काढून केव्हाच्या बसल्या आहेत. मला भीती नाही. पेशींनी मला आतून पोखरलंच आहे. एकच सांगणं, मित्रांनो. माझ्यासारखे तुकडे पुन्हा ओतता येतात, पेशी पुन्हा वाढवता येतात. आपलं माणूस ये म्हणालं, की त्याच रविवारी जा. पेशी राहतील उपाशी.