गेटवर बसायचं नाही

ही २०२३ सालची गोष्ट, दिवाळीच्या तोंडावरची. माझी भाची भावना बदलापुरात राहून कारखान्यांच्या रंगकामाचे ठेके घेत होती. हाताखाली पाच बायका. मोरिवलीच्या एका कारखान्याच्या टाक्या दिवाळीच्या सुट्टीत रंगवायचं काम तिला उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या एजन्सीनं दिलं. एजन्सीचा मालक सुजित म्हणाला, "काम पक्कं. दुसरीकडे हो म्हणू नकोस." म्हणून तिनं एका सोसायटीचं काम नाकारलं. सुट्टी दोन दिवसांवर आली आणि सुजितचा फोन आला, काम कॅन्सल.

सगळ्या माझ्या अंबरनाथच्या खोलीत जमल्या. त्यांतली फटकळ अंजनी म्हणाली, "ताई, दिवाळी बुडाली तर मी चालले त्या ठेकेदार प्रमोदच्या टोळीत. तो म्हणालाच होता, बाईचा ठेका चार दिवसांचा."

टोळी फुटली की भावनाचा ठेका संपला.

मला मात्र उपाय ठाऊक होता. मी माचिसच्या कारखान्यात होते तेव्हा आम्ही गेटवर बसलो की साहेबाची गाडी आत जात नसे. शेजारच्या घरांतून चहा यायचा, पोरं मांडीवर झोपायची, घोषणा देऊन घसे बसायचे. काय दिवस होते! "चला गेटवर," मी म्हटलं आणि चपला घातल्या.

दारातच किर्ती भेटली. शेजारच्या शीलाची मुलगी, उल्हासनगरच्या कोर्टात वकिली करते.

"मावशी, वरात कुठं निघाली?"

मी सांगितलं.

"कंपनीनं हिला काय कबूल केलं होतं?"

"कंपनीनं काही नाही. एजन्सीनं."

"मग कंपनीच्या दारात कशाला? तुम्ही कामगार होतात, भावना ठेकेदार आहे. शब्द एजन्सीनं दिला, जाबही तिलाच विचारायचा."

"पण लेखी काहीच नाही गं," भावना म्हणाली.

"तोंडी करार हाही करारच. सुजितचे मेसेज पुसू नकोस. आजच त्याला नोटीस देते. नुकसान भरून दे, नाहीतर दिवाणी दावा. आणि तू दुसरं काम शोध. नुसती बसून राहिलीस तर कोर्ट विचारेल, नुकसान कमी करायला काय केलंस?"

"म्हणजे भांडायचं पण आणि राबायचं पण?" अंजनी हसली.

"बरोब्बर!"

भावनानं तिथूनच त्या नाकारलेल्या सोसायटीला फोन लावला. भिंती दुसऱ्यानं घेतल्या होत्या, ग्रिल बाकी होते. ती म्हणाली, "येतो आम्ही." पाचही जणी गेल्या.

नोटीस पोचताच सुजित त्या सोसायटीत हजर झाला. "भावनाताई, कोर्ट कशाला? आपण घरचेच ना?"

"घरचा माणूस वेळेवर सांगतो," वर शिडीवरून अंजनीच बोलली.

ग्रिलच्या कामानं भरून न निघालेलं नुकसान त्यानं दिलं. दावा करायची वेळ आली नाही.

सुजितची एजन्सी आजही चालते, पण भावना त्याच्याकडून काम लेखी घेते. किर्तीनं अंबरनाथला स्वतःचं ऑफिस उघडलं. शीला लेकीच्या कौतुकात मला बोलू देत नाही. मी गुडघ्यांमुळे जिना उतरत नाही, पण गेटच्या गोष्टी अजून रंगवून सांगते. प्रमोदनं अंजनीला दोनदा बोलावलं. ती गेली नाही. भावनाची दुसरी टोळी आता तीच चालवते.