अर्धी रोहिणी

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. दिंद्रुडच्या ओढ्याकाठी सगळे उन्हात ताटकळलो होतो. रोहिणीचा सासरा सुंदरराव दोनदा घड्याळ बघून म्हणाला, दर्भाचा कावळा करा आणि उरका. सून मेली होती त्याची, एसटी चुकत नव्हती. भटजीनं गवताचा कावळा वळला, पिंडाला लावला आणि मंडळी हातपाय धुवायला उठली. माझी थोरली बहीण भिवराबाई तेवढी बसून राहिली. रोहिणी तिची लेक.

"कावळा कसा शिवंल?" ती म्हणाली. "माझी लेक अर्धीच जळलीय. अर्धी पोलिसाकडं हाय."

लोकांना वाटलं, बाई भ्रमली. पण अक्का खरं तेच बोलत होती. रोहिणी गेली तेव्हा सासरच्यांनी सांगितलं, छातीत कळ आली. अक्कानं पोरीच्या तोंडाशी वाकून बघितलं तर फवारणीच्या औषधाचा भपकारा. तिनं प्रेताला हात लावू दिला नाही, पोलिसांना बोलावलं. सरकारी दवाखान्यात चिरफाड झाली. डॉक्टरनं मरणाचं कारण लिहिलं नाही, मत राखून ठेवलं. पोटातले, काळजाचे तुकडे मिठाच्या पाण्यात बुडवून बाटल्यांत भरले, वर लाखेचं सील मारलं आणि ठाण्याच्या हवाली केले. त्याला व्हिसेरा म्हणतात. तो संभाजीनगरच्या प्रयोगशाळेत तपासायचा, मग विष होतं की नव्हतं ते ठरणार. उरलेली पोर त्याच संध्याकाळी सासरच्यांनी जाळली.

ठाण्यातल्या जमादार गहिनीनाथनं आम्हाला सुरुवातीला पुरावे समजावून सांगितले होते. एक डोळ्यांनी बघणाऱ्याचा, कानांनी ऐकणाऱ्याचा. दुसरा जागेवर सापडलेल्या वस्तूंचा. तिसरा प्रयोगशाळेचा. आम्ही शाळेतल्या पोरांसारखं ऐकून घेतलं. मग एकेक पुरावा आमच्या डोळ्यांदेखत कसा विरघळला ते सांगते. शेजारच्या चतुराबाईनं रोहिणीचं ओरडणं ऐकलं होतं. पुढं तिला एकाएकी आठवलं की त्या दिवशी आपण माहेरी पाटोद्याला होतो. औषधाचा डबा हौदाजवळ पडलेला अक्कानं बघितला होता. पोलीस पंचनाम्याला पोचेपर्यंत तो कापून, घासून त्यात तुळस लावलेली. पोरीला ज्यातून पाजलं त्यात तुळस लावली या लोकांनी, आणि रोज सकाळी तिला पाणी घालतात. रोहिणीचा मोबाईल हरवला. कुठं, कधी, कुणालाच माहीत नाही.

राहिल्या त्या बाटल्या. बाटल्यांना दम देता येत नाही आणि बाटल्यांना माहेर आठवत नाही. आमचा सगळा जीव त्यांच्यात अडकला होता.

दसरा झाला, दिवाळी झाली, ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. आमच्याकडची माणसं थंडीच्या आत गाव सोडतात ती उन्हाळ्यातच परततात. सुंदररावाची सगळी मदार त्यावर होती. ही माणसं गेली की विचारायला येणार कोण? दाजी टोळीबरोबर गेले. अक्का गेली नाही. दर बाजाराच्या दिवशी ती आणि मी ठाण्याच्या पायरीवर हजर. गहिनीनाथचं उत्तर ठरलेलं, अहवाल यायचाय, तिकडं लई गर्दी असती. वर्ष उलटलं. सुंदररावानं वर्षश्राद्ध घातलं, पोरासाठी नवी मुलगीही बघायला घेतली. अक्कानं श्राद्धाचा घास तोंडात घेतला नाही. अर्धीचं कसलं श्राद्ध, म्हणाली.

माझं डोकं तापट आहे, ते सगळ्या भावकीला माहीत आहे. एक दिवस मी म्हटलं, अक्का, ऊठ, आपणच जाऊ आणि प्रयोगशाळेतच विचारू. गेलो संभाजीनगरला. खिडकीतल्या बाईनं कॉम्प्युटरमध्ये बघितलं, आत जाऊन विचारून आली आणि हळू आवाजात म्हणाली, ताई, हा नमुना आमच्याकडं आलेलाच नाही.

परतीच्या वाटेवर अक्कानं दंड धरून ठेवला नसता तर मी बसमध्येच कुणाला तरी हाणलं असतं.

ठाण्यात शिरले ती थेट गहिनीनाथच्या टेबलापाशी. बाटल्या कुठं आहेत, विचारलं. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाकडं बघितलं. तेवढं पुरलं. मी म्हटलं, उघड, नाही तर बीडला मोठ्या साहेबांच्या दारात जाऊन बसते. कपाट उघडलं. हातभट्टीच्या दारूचे कॅन होते, वाळूवाल्यांची जप्त केलेली फावडी होती, आणि त्यांच्या मागं, खालच्या फळीवर, धुळीनं माखलेल्या दोन बाटल्या. चिठ्ठीवर रोहिणीचं नाव. वर्षभर आम्ही ज्या पायरीवर बसत होतो, तिथून ते कपाट हाकेच्या अंतरावर होतं.

गाडी नव्हती, माणूस नव्हता, मग राहून गेलं, असं गहिनीनाथ म्हणाला. मुडद्या, सुंदररावाचा चहा प्यायला मात्र तुला रोज वेळ होता. मी हे तोंडावर बोलले आणि आणखीही बोलले, ते इथं सांगण्यासारखं नाही.

ठाण्याचे साहेब बाहेर आले, आम्हाला बसायला सांगितलं आणि आत जाऊन फोन लावला. मला वाटलं, वरिष्ठांना लावला असेल. थोड्या वेळानं दारात सुंदररावाची गाडी उभी राहिली. पांढरे कपडे, कपाळाला गंध, आवाजात लोणी. बाटल्या टेबलावर मांडून साहेबांच्या खोलीत आम्हाला बोलावलं आणि तो अक्कासमोर चक्क हात जोडून बसला.

"इहीनबाई, तुमी दहाव्यापास्नं म्हनताय, लेक अर्धी ऱ्हायली. आता हे घेऊन जावा. सायब देतेत. गंगेवर नेऊ, भटजी मी आनतो, समदं रीतीनं करू. किती दिस पोरीचा आत्मा लटकत ठिवायचा?"

साहेबांनी मान हलवली. एवढा जुना नमुना आता काय तपासणार, उगाच विटंबना, असं काहीसं म्हणाले. नियमानं अशी बाटली घरच्यांना देता येत नाही, हे त्या खोलीत कुणालाच आठवलं नाही.

मी घाबरून अक्काकडं बघितलं. कारण अक्काला वर्षभर नेमकं हेच हवं होतं. तिचाच शब्द उचलून त्या माणसानं तिच्यापुढं ताटात वाढला होता. ती हो म्हणाली असती तर मी तरी काय बोलणार होते, आई होती ती.

अक्का उठली. टेबलावरच्या बाटलीवरची धूळ तिनं पदरानं पुसली, लाखेवरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिली. मग म्हणाली:

"न्हाई इवाई. ऱ्हाऊ द्या अर्धी. जळलेली अर्धी तुमी गप केली. ही अर्धी बोलायची ऱ्हायलीय."

सुंदररावाच्या आवाजातलं लोणी तिथंच आटलं. लई महागात पडंल, म्हणाला. अक्कानं त्याच्याकडं पाठ केली आणि साहेबांना सांगितलं की बाटल्या निघाल्याशिवाय आपण इथून हलत नाही. मी दारात बैठक मारली आणि आल्यागेल्याला मोठ्यानं सगळं सांगायला लागले. लोक जमले, कुणी मोबाईल काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी नसतानाही माणूस मिळाला. सुनिता नावाची शिपाई होती, तिच्याकडं खोक्यात बाटल्या देऊन तिला एसटीनं पाठवलं. आम्ही दोघी त्याच एसटीत.

खोकं नियमानं सुनिताच्याच मांडीवर हवं. अक्कानं फक्त त्यावर हात ठेवू का, असं विचारलं. सुनितानं ठेवू दिला. कंडक्टर येऊन म्हणाला, सामान खाली ठेवा, वाट अडती.

"सामान न्हाई ते," अक्का म्हणाली. तो पुढं गेला.

प्रयोगशाळेत तीच बाई होती. तिनं सील तपासलं, शाबूत आहे म्हणाली. मिठाचं पाणी टिकलंय, विष असलं तर अजून सापडू शकतं, पण शब्द देत नाही. सुनितानं सही केली. आम्ही निघणार, तर अक्का खिडकीपाशीच थांबली. तपासून झाल्यावर बाटलीतलं परत देता का, तिनं विचारलं. बाई म्हणाली, नाही, काम संपलं आणि कोर्टानं परवानगी दिली की जाळून टाकतात.

"मग कोन्या दिवशी जाळनार ते कळवा," अक्का म्हणाली. "आमी येतो. दहावा करायचा ऱ्हायलाय लेकीचा."

असं कळवायची पद्धत नाही, असं ती बाई म्हणाली. मग तिनं पेन उघडलं आणि फोन नंबर विचारला. अक्काला स्वतःचा पाठ नव्हता. मी माझा सांगितला.